कॅल्शियम वाढलंय, पण कशाने?

आज सुरुवात माझ्या आईपासून करतो. कारण या विषयातली सगळ्यात मोठी चूक मी माझ्याच घरात केली आहे.

मी नोएडात फिजिशियन आहे. आई सत्त्याहत्तर वर्षांची, आमच्याकडेच असते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती सारखी पाणी मागायला लागली. जेवण कमी झालं, पोट साफ होईना, दुपारभर नुसती पडून राहायची. मी म्हणालो, "अगं, दिल्लीचा उन्हाळा आहे, लिंबू सरबत घे." असे तीन आठवडे गेले. मग एका सकाळी तिने मला मामाच्या नावाने हाक मारली आणि पुण्याची गाडी किती वाजता आहे म्हणून विचारलं. तेव्हा कुठे मी रक्त तपासायला पाठवलं. कॅल्शियम आलं १३.४.

आपल्या रक्तात कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. लॅबप्रमाणे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, रक्तात अगदी थोडं. पण नसा, स्नायू आणि हृदयाचे ठोके त्या थोड्यावर चालतात, म्हणून शरीर ते फार काटेकोरपणे सांभाळतं. ते वाढलं की मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. लघवी जास्त होते, तहान लागते, अंगातलं पाणी कमी होतं, आणि पाणी कमी झालं की कॅल्शियम आणखी चढतं. आतडी मंदावतात, डोकं जड होतं. म्हातारं माणूस गोंधळलं की घरातले म्हणतात, वय झालं. मी तर डॉक्टर असून उन्हाला दोष देत बसलो होतो.

त्या दिवशी आईचा औषधांचा डबा टेबलावर उलटा केला. त्यात व्हिटॅमिन डीच्या ६०,००० युनिटच्या रिकाम्या पुड्या निघाल्या. या पुड्या आठवड्याला एक, सहसा आठ आठवडे, अशा घ्यायच्या असतात. तिचा कोर्स आदल्या वर्षीच संपला होता. गुडघे दुखतात म्हणून तिने त्या पुन्हा आणवल्या आणि रात्रीच्या दुधातून रोज एक घ्यायला लागली. अडीच महिने. हिशेब करा, ४५ लाख युनिट होतात. जोडीला कॅल्शियमची गोळी, आणि ब्लडप्रेशरच्या गोळीत क्लोरथॅलिडोन. हे औषध लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतं. ती ब्लडप्रेशरची गोळी मीच लिहून दिली होती.

आता कोणी म्हणेल, मग व्हिटॅमिन डी घ्यायचंच नाही का? तसं नाही. इथली कमतरता खरी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतल्या मोरी गेट भागातली लहान मुलं आणि तेव्हाच्या मोकळ्या हवेच्या गुडगावातली मुलं तपासली होती. मोरी गेटच्या मुलांमध्ये व्हिटॅमिन डी सरासरी १२.४ होतं, गुडगावच्या मुलांमध्ये २७.१. हवेतल्या धुराने ऊन अडतं, हे त्यातून दिसलं. तेव्हा डॉक्टरांनी पुड्या लिहून देणं चुकीचं नाही. पण हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही. कमतरता भरून निघाली की मोठा डोस थांबायला हवा, आणि तो थांबवायचं कोणी सांगतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा गव्हाच्या दाण्याएवढा चुनाही त्याच रांगेतला. चुना म्हणजे कॅल्शियमच.

पण कॅल्शियम वाढलं म्हणजे पुड्याच कारण, असंही धरून चालू नका.

रिपोर्टमध्ये आकडा थोडासाच जास्त असेल, तर आधी टेस्ट पुन्हा करा. दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवला, मूठ आवळून धरली, तरी आकडा थोडा वाढतो. कॅल्शियमसोबत अल्ब्युमिनही बघायचं, कारण रक्तातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचं. अशक्त माणसाचा नॉर्मल दिसणारा रिपोर्ट या हिशेबात कधी कधी जास्त निघतो.

दुसऱ्या वेळीही जास्तच आलं, तर पुढची टेस्ट पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड हार्मोन. आजच्या भागातलं एकच नाव लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा. गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार ग्रंथी असतात. गंमत म्हणजे त्या आधी गेंड्यात सापडल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या भारतीय गेंड्याचं शवविच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना त्या दिसल्या. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन १८८० मध्ये स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने केलं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की या ग्रंथी पीटीएच सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम काढायला लावतात. वाढलं की त्यांनी गप्प बसायचं असतं.

म्हणून कॅल्शियम जास्त असताना पीटीएच अगदी खाली गेलं असेल, तर ग्रंथी नीट वागताहेत आणि कारण दुसरीकडे आहे. व्हिटॅमिन डीचा अतिरेक, टीबी किंवा सारकॉइडोसिस, आणि कॅन्सर. कॅन्सर हा शब्द मी टाळणार नाही. कॅल्शियम झपाट्याने वाढून हॉस्पिटलात भरती झालेल्यांमध्ये हे मोठं कारण असतं, विशेषतः फुप्फुसाचा, स्तनाचा, आणि मल्टिपल मायलोमा. टीबीमध्ये गाठीतल्या पेशी स्वतःच सक्रिय व्हिटॅमिन डी बनवतात. अशा पेशंटला वरून पुड्या दिल्या तर आकडा आणखी उडी मारतो.

उलट, कॅल्शियम जास्त आणि पीटीएचही जास्त, किंवा नुसतं "नॉर्मल", तर संशय ग्रंथीवर. हे "नॉर्मल" फसवं असतं, कारण तेव्हा ते खाली असायला हवं. माझ्याकडे गाझियाबादच्या एक बाई आल्या होत्या, चौपन्न वर्षांच्या. दोनदा मुतखडा, एकदा मनगट मोडलं. पाच वर्षांच्या फाइलमध्ये प्रत्येक रिपोर्टला कॅल्शियम १०.९, ११.१, ११.० असं. त्यावर कोणी पेनने गोलही केला नव्हता. पीटीएच केलं, तर दुपटीहून जास्त. चारपैकी एका ग्रंथीवर साधी गाठ होती, कॅन्सर नव्हे. या आजारात बहुतेकांना अशी एकच गाठ असते. लिथियम घेणाऱ्यांतही असं चित्र दिसू शकतं, आणि काही कुटुंबांत जन्मापासून कॅल्शियम किंचित जास्त असतं, त्याला ऑपरेशन लागत नाही. म्हणून चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम आधी मोजतात. मग सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅनने गाठ शोधायची. ऑपरेशन मात्र ज्या सर्जनचा याच ग्रंथींवर हात बसलेला आहे, त्यांच्याकडेच करा. त्या बाईंनी तसंच केलं, कॅल्शियम दुसऱ्या दिवशी ९.२ वर आलं.

आता घरी काय करायचं? कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तात्पुरतं बंद, बाकी सगळी औषधं पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवा. ब्लडप्रेशरची गोळी मनाने थांबवू नका. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर पाणी भरपूर प्या. आकडा १२ च्या वर असून उलट्या, गुंगी किंवा गोंधळ असेल, किंवा १४ च्या वर असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे सलाइन हा पहिला उपचार, गरजेप्रमाणे कॅल्सिटोनिन आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड. व्हिटॅमिन डी किंवा सारकॉइडोसिसमुळे असेल तर स्टेरॉइड.

दूध बंद करायचं का, हे प्रत्येक जण विचारतो. ग्रंथीच्या गाठीत नाही. दूध बंद केलं तर ग्रंथी आणखी चेव धरतात आणि हाडं पोखरतात. व्हिटॅमिन डीच्या अतिरेकात मात्र काही काळ दूध, दही, पनीर कमी करावं लागतं.

आईचं पीटीएच जवळजवळ शून्य होतं आणि क्रिएटिनिन १.९. सहा दिवस हॉस्पिटलात काढले. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात कॅल्शियम पुन्हा ११.६ झालं, कारण चरबीतला साठा हळूहळूच उतरतो. सप्टेंबरात ते एकदाचं दहाच्या खाली आलं. तोवर तिला दूध घातलेला चहा मिळाला नव्हता. पहिला कप हातात घेऊन म्हणाली, "पुड्या तर पुड्या, पण तुझ्या उन्हाळ्याचं काय झालं रे?"