वार्धक्यातील मांसक्षय: आहार, श्रम आणि बळ

१

मोसम नदीच्या काठी वसलेले नामपूर हे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील कांद्याच्या बाजारपेठेचे गाव होय. शेती हाच परिसराचा मुख्य व्यवसाय असल्याने श्रमाची सवय येथे बालपणापासून अंगी लागते आणि श्रमातून सुटका होणे हे वार्धक्याचे भूषण मानले जाते. मुले कर्ती झाली, सुना घरात आल्या, म्हणजे वडीलधाऱ्यांना ‘आता बसून खा’ असे सांगण्यात येते. या सांगण्यात आदर आहे, कृतज्ञताही आहे. पुढे काही वर्षांनी तीच व्यक्ती बाजेवरून उठताना दोन्ही हात टेकू लागते, पाण्याने भरलेली कळशी तिला उचलवत नाही, ओट्याची पायरी चढताना ती भिंतीचा आधार घेते. आणि घरातील माणसे ‘वय झाले’ एवढेच म्हणून त्या विषयावर पडदा टाकतात.

मोसम खोऱ्यातील अहिराणी बोलणाऱ्या घरांत वृद्धाला ‘डोकरा’ व वृद्धेला ‘डोकरी’ म्हणतात. या शब्दांत, तसेच प्रमाण मराठीतील ‘म्हातारा’ या शब्दात, वयाबरोबर दुबळेपणाही गृहीत धरलेला असतो. ‘हातपाय गळाले’, ‘अंग वाळले’, ‘पायांतले बळ गेले’ हे वाक्प्रचारही ही घटना आपोआप घडणारी, कोणाच्याही हाती नसलेली अशी मानतात. गेल्या चार दशकांतील संशोधनाचा निष्कर्ष मात्र वेगळा आहे. वार्धक्यात दिसणाऱ्या दुबळेपणाचा काही भाग वयाचा असतो; परंतु फार मोठा भाग अपुऱ्या आहाराचा आणि थांबलेल्या श्रमाचा असतो, आणि हा दुसरा भाग बऱ्याच अंशी भरून काढता येतो.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. शरीराला गती देणाऱ्या मांसल अवयवास आजच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणतात. प्राचीन वैद्यक ग्रंथांत तसे नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथे ‘पेशी’ म्हणजे मांसाचा पिंड, आणि ‘स्नायू’ म्हणजे सांधे व अवयव बांधून ठेवणारा चिवट तंतुमय बंध. आधुनिक मराठीत ‘स्नायू’ हा शब्द मांसपेशीसाठी रूढ झाला, आणि ‘पेशी’ हा शब्द सजीवाच्या सूक्ष्मतम घटकाकडे गेला. त्यामुळे जुन्या ग्रंथातील शब्द आजच्या अर्थाने वाचल्यास घोटाळा होतो. प्रस्तुत लेखात ‘स्नायू’ हा शब्द आजच्या रूढ अर्थानेच योजिला आहे.

विशेष असे की, वार्धक्यातील या झिजेस पाश्चात्त्य वैद्यकात दीर्घकाळ स्वतंत्र नावच नव्हते. १९८८ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अल्बुकर्क येथे भरलेल्या एका बैठकीत अर्विन रोझेनबर्ग या पोषणशास्त्रज्ञांनी ही उणीव दाखवून दिली, आणि ‘सार्कोपेनिया’ ही संज्ञा सुचविली. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. नाव नसलेल्या गोष्टीकडे अभ्यासकांचे लक्ष जात नाही, हे त्यांच्या सूचनेमागील सूत्र होते. २०१६ साली अमेरिकेतील रोगवर्गीकरणात या विकारास स्वतंत्र क्रमांक मिळाला.

मराठीला या संज्ञेसाठी नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. आयुर्वेदात सप्तधातूंपैकी मांसधातू कमी होण्यास ‘मांसक्षय’ असे नाव आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात त्याची लक्षणे देताना नितंब, गाल, मांड्या, छाती, पोटऱ्या व मान ही स्थाने शुष्क होतात, असे सांगितले आहे. दोन्ही संज्ञांची व्याप्ती तंतोतंत एक नसली, तरी आशय इतका जवळचा आहे की ‘वार्धक्यातील मांसक्षय’ ही शब्दयोजना वाचकाला लगेच उमगावी.

३

स्नायू हा स्थिर पदार्थ नव्हे. त्यातील प्रथिने सतत मोडत असतात आणि अन्नातून मिळणाऱ्या घटकांपासून नवी घडत असतात. तारुण्यात मोड आणि घडण यांचा मेळ बसतो. पन्नाशीनंतर तो बिघडू लागतो, आणि स्नायूंचा भार दरवर्षी सुमारे एक टक्क्याने घटतो. बळ तर त्याहून अधिक वेगाने कमी होते. याची प्रमुख कारणे तीन होत. पहिले असे की, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतातंतूंपैकी काही नष्ट होतात, आणि झटपट हालचालीसाठी लागणारे तंतू अधिक झिजतात. ठेच लागली असता तरुण तोल सावरतो आणि वृद्ध पडतो, याचे हे एक महत्त्वाचे कारण होय. दुसरे असे की, वृद्ध शरीर अन्नातील प्रथिनांना मंद प्रतिसाद देते. तरुणाला जेवढे प्रथिन पुरते, तेवढ्याने वृद्धाच्या स्नायूंची घडण पुरेशी होत नाही. तिसरे कारण म्हणजे श्रमाचा अभाव.

या तिसऱ्या कारणाचा प्रभाव किती मोठा आहे, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगावरून दिसते. सरासरी ६७ वर्षे वयाच्या १२ निरोगी व्यक्तींना केवळ १० दिवस अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले होते. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील चरबीविरहित भार सरासरी सुमारे एक किलोने घटला. आजारपणात किंवा शस्त्रक्रियेनंतर ‘आठ-पंधरा दिवस हलूच नका’ असा जो आग्रह घरोघर धरला जातो, त्याची किंमत किती असते याची यावरून कल्पना येईल.

स्नायूंचे काम केवळ हालचालीचे नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घेणारे सर्वांत मोठे कोठार तेच होय. भारतीयांच्या बाबतीत या मुद्द्यास विशेष महत्त्व आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. दिसण्यात सडपातळ असलेल्या भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले. आधीच अल्प असलेली ही स्नायूंची पुंजी वार्धक्यात आणखी खर्ची पडते. म्हणून ‘वजन तर पूर्वीएवढेच आहे’ हे समाधान फसवे ठरते.

४

क्षय ओळखण्यासाठी वजनापेक्षा बळ मोजणे अधिक उपयुक्त होय. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरविलेल्या मानांनुसार हाताच्या मुठीची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा व स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरल्यास बळ क्षीण समजावे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७–१८ मध्ये ४५ वर्षांवरील ७२,००० हून अधिक भारतीयांची जी पाहणी केली, तीत मुठीच्या पकडीचे मापनही अंतर्भूत होते. पकड मोजण्याचे यंत्र खेड्यात सहसा नसते. परंतु त्याच गटाने सांगितलेल्या दोन कसोट्या कोणत्याही घरात घेता येतात. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठण्या-बसण्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागणे, ही पहिली. पोटरीचा सर्वांत जाड भागी घेतलेला घेर पुरुषांत ३४ व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरणे, ही दुसरी. या कसोट्यांनी निदान पक्के होत नाही. पुढील तपासणी हवी एवढे मात्र कळते.

५

गेलेले बळ परत मिळते काय, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय. १९९० साली बॉस्टन येथे मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या घरातील दहा व्यक्तींना आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. १९९४ साली त्यांनी १०० दुर्बल वृद्धांचे चार गट केले: एकास व्यायाम, दुसऱ्यास पूरक आहार, तिसऱ्यास दोन्ही, चौथ्यास दोन्ही नाही. दहा आठवड्यांनंतर व्यायाम करणाऱ्यांचे बळ ११३ टक्क्यांनी वाढले. केवळ पूरक आहार घेणाऱ्यांचा दुबळेपणा मात्र कमी झाला नाही. अन्न हे घडणीचे साहित्य आहे. घडणीची आज्ञा श्रमातून मिळते. ‘बसून खा’ या उपदेशातील दोष नेमका येथे आहे: तो साहित्य पुरवितो आणि आज्ञा काढून घेतो.

या व्यायामासाठी तालमीची गरज नाही. खुर्चीवरून किंवा उंच बाजेवरून हात न टेकता उठणे-बसणे, दाराची चौकट धरून टाचा उचलणे, भिंतीवर तळवे टेकून शरीर पुढे-मागे रेटणे, पिशवीत वाळू भरून ती उचलणे, हे प्रकार पुरेसे होत. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, आठवड्यातून निदान दोन दिवस करावा. सोपा वाटू लागताच भार थोडा वाढवावा. हा भार वाढविणे हेच व्यायामाचे मर्म होय. रोज मळ्यापर्यंत चालत जाणे हृदयास हितकर आहे, परंतु मांड्यांचे बळ वाढविण्यास ते बहुधा अपुरे पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील व्यक्तींसाठी चालण्यासारख्या मध्यम श्रमाच्या आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांबरोबरच दोन दिवस बळाचा आणि तीन दिवस तोल सावरण्याचा व्यायाम स्वतंत्रपणे सांगितला आहे, तो याच कारणाने.

जमिनीवर बसण्याची पद्धतही या दृष्टीने मोलाची आहे. दिवसातून अनेकदा खाली बसून उठणारी व्यक्ती नकळत मांड्यांना काम देत असते. गुडघे दुखत नसतील तर ही सवय केवळ सोयीसाठी सोडू नये.

६

आता आहाराविषयी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढास दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन हवे. वृद्धांसाठी हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅम असावे, असे २०१३ साली एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने सुचविले. म्हणजे ५० किलो वजनाच्या वृद्धेस ५० ते ६० ग्रॅम.

उदाहरणादाखल हिशेब मांडता येईल. बाजरीच्या पिठात शेकडा सुमारे ११ भाग प्रथिन असते. दोन भाकरींना १३० ग्रॅम पीठ धरल्यास १४ ग्रॅम मिळते. वाटीभर पातळ वरणात २० ग्रॅम डाळ असल्यास ४ ग्रॅम, दोन वेळच्या चहातील १०० मिलिलिटर दुधातून ३ ग्रॅम. एकूण २१ ग्रॅम, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. पोट मात्र भरलेले असते. आता त्याच ताटात घट्ट वरण व मटकीची किंवा कुळथाची उसळ मिळून ७० ग्रॅम कडधान्य आले, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे आले, आणि दूध-दही ३०० मिलिलिटर झाले, तर बेरीज ४५ ग्रॅमच्या पुढे जाते. एक अंडे ६ ग्रॅमची भर घालते; माळकरी घरात पिठात २० ग्रॅम सोयाबीन दळून तेवढीच भर पडते. यांतील काहीच बाहेरून आणावयाचे नाही. बहुतेक सर्व खोऱ्यातील शेतात किंवा गोठ्यात उपलब्ध आहे.

खानदेश-बागलाणच्या जुन्या स्वयंपाकात या ज्ञानाची बीजे आढळतात. ज्वारी वा बाजरीत उडीद मिसळून दळलेल्या कळण्याची भाकरी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तृणधान्यात लायसिन हा घटक उणा असतो, तो डाळीत विपुल असतो. डाळीत मेथिओनिन उणा असतो, तो तृणधान्य पुरविते. दोन्ही एकत्र आल्याने प्रथिनाचा कस वाढतो. दात गेलेल्यांसाठी वाटलेल्या तुरीच्या डाळीचे वाफविलेले फुनके, मऊ शिजविलेली उसळ आणि दाण्याचे कूट हे पदार्थ सोयीचे आहेत. याउलट चहात बुडविलेले बिस्किट दात नसलेल्यास सोपे वाटते, पण त्यातून प्रथिन नगण्य मिळते. उपवासाच्या साबुदाण्यातही प्रथिन जवळजवळ नसते. त्या खिचडीत जे काही असते, ते दाण्याच्या कुटामुळे.

प्रथिन एकाच जेवणात न घेता तिन्ही वेळांत विभागून घेणे हितावह होय, कारण वृद्ध शरीराला प्रत्येक वेळी पुरेशी मात्रा लागते. घरातील वृद्धा बहुधा सर्वांच्या शेवटी जेवते आणि तिच्या ताटात वरणाचा तळ व उरलेली भाकरी येते. या प्रथेचा परिणाम तिच्या मांड्यांवर आणि पर्यायाने तिच्या हाडांवर होतो. कारण पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे यांचे मूळ पुष्कळदा पायांच्या दुबळेपणात असते.

७

काही मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी वैद्याच्या सल्ल्याविना प्रथिन वाढवू नये. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब वा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास व्यायामापूर्वी तपासणी करून घ्यावी. भार उचलताना श्वास कोंडू नये. अल्पावधीत अकारण वजन घटत असेल, तर ते केवळ वयाचे लक्षण न मानता अन्य आजाराचा शोध घ्यावा. सुश्रुताने व्यायाम आपल्या शक्तीच्या अर्ध्याने करावा असे सांगितले आहे. आरंभ करणाऱ्या वृद्धासाठी तो सल्ला आजही शहाणपणाचा आहे. मात्र शक्ती वाढली की तिचे अर्धेही वाढते, हे विसरू नये.

सारांश, वृद्धांना विश्रांती देणे आणि त्यांना निष्क्रिय करणे या भिन्न गोष्टी आहेत. ओझ्याचे, उन्हातले, सक्तीचे श्रम त्यांच्याकडून काढून घेणे हे कर्तव्यच होय. परंतु त्यांच्या जागी मोजके, नियमित आणि हळूहळू वाढणारे श्रम दिले नाहीत, तर आदरापोटी दिलेला आराम त्यांचे स्वावलंबन हिरावून घेतो. ‘बसून खा’ याऐवजी ‘पोटभर डाळ खा आणि रोज दहा वेळा उठून बसा’ असे सांगणे कानाला कदाचित तितके आदराचे वाटणार नाही. तथापि ज्या वृद्धेला पुढील दहा वर्षे स्वतःच्या पायांनी ओटा उतरून मोसमच्या काठापर्यंत जावयाचे आहे, तिच्यासाठी खरा आदर याच सांगण्यात आहे.