तोल, वय आणि बसून राहण्याचा सल्ला

‘वय झाले की तोल जाणारच, तेव्हा उठबस कमी करावी’, हा सल्ला घरोघरी मायेने दिला जातो आणि नेमका तोच ज्येष्ठांचा तोल अधिक बिघडवतो. निरोगी माणूस उभा असताना निश्चल असतो, ही समजूत या सल्ल्याच्या मुळाशी आहे. वस्तुतः विशीतला तरुणही निश्चल उभा नसतो; शरीराचा भार घोट्यांच्या किंचित पुढे पडत असल्याने ते सतत पुढे कलू पाहते, पोटऱ्यांचे स्नायू त्याला मागे ओढतात, आणि या ओढाताणीतून होणारे सूक्ष्म डोलणे, नुसत्या नजरेला जाणवले नाही तरी, तळव्यांखालचा दाब कसा सरकतो हे टिपणाऱ्या उपकरणावर स्पष्ट उमटते.

हे डोलणे आवरण्यासाठी मेंदूला डोळे, आंतरकर्णातील संतुलनेंद्रिय आणि तळवे, सांधे व स्नायू यांतील संवेदना अशा तीन ठिकाणांहून खबर मिळते. वयानुसार संतुलनेंद्रियातील केशपेशी, म्हणजे डोक्याची हालचाल ओळखणाऱ्या पेशी, घटतात, तळव्यांची संवेदना बोथट होते आणि स्नायूंचा प्रतिसाद मंदावतो. परिणामी डोलणे वाढते, विशेषतः अंधारात. परंतु उरलेल्या खबरीवर तोल सावरण्याचे कौशल्य सरावाने सुधारते, आणि बसून राहणे म्हणजे सराव नव्हे, हे खरे तर सांगावे लागू नये. ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१९ चा आढावा उपलब्ध आहे: साठीपुढील २३ हजारांहून अधिक व्यक्तींवरील १०८ चाचण्यांचा विचार करता, व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले.

तोलाविषयीचे आणखी तीन समज असेच तपासून पाहावेत. ‘रोज चालले की पुरे’: नुसत्या चालण्याने पडणे घटते असा स्पष्ट पुरावा याच आढाव्यात मिळाला नाही, तोलाच्या व्यायामांबाबत मात्र तो मिळाला.

‘डोलणे कमी, म्हणजे तोल चांगला’: पडण्याच्या धास्तीने अंग ताठ धरणाऱ्याचे डोलणेही कमी दिसू शकते.

‘काठी म्हणजे परावलंबन’: स्थिर वस्तूला बोटाचा शंभर ग्रॅमहून कमी भाराचा स्पर्श झाला तरी डोलणे घटते, कारण मेंदूला आणखी एक खबर मिळते, काठीही तेच करते.

तेव्हा ज्येष्ठांना खुर्चीत बसवून ठेवण्याऐवजी, स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून, कोणीतरी जवळ असताना उभे राहण्याचा सराव करू द्यावा. अचानक जाऊ लागलेला तोल मात्र वयाच्या माथी मारू नये. त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे.