लॅक्रॉसचा अव्वल खेळाडू, पण पगारात घर चालेना. मग पॉल रेबिलने नवी लीगच उभी केली

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळलं जाणार, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच दिवशी, त्याच बैठकीत लॅक्रॉस नावाच्या खेळालाही मंजुरी मिळाली, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात हा निर्णय झाला. या खेळातलं अमेरिकेतलं एक मोठं नाव म्हणजे पॉल रेबिल. तो २०२१ मध्ये निवृत्त झाला, पण त्याची कारकीर्द गोल आणि पदकांपुरती नाही. खेळाडूच्या पोटापाण्याचा प्रश्नही त्यात आहे.

काय आहे हा खेळ?

लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ आदिवासी जमातींचा शेकडो वर्षं जुना खेळ. काठीच्या टोकाला जाळीची झोळी असते. त्या झोळीत रबरी चेंडू झेलायचा, पळायचं, सहकाऱ्याकडे फेकायचा आणि संधी मिळताच गोलात मारायचा. मैदानी प्रकारात एका बाजूला दहा खेळाडू असतात. धक्काबुक्की बरीच, त्यामुळे डोक्याला हेल्मेट लागतंच.

चेंडू किती जोरात येतो? रेबिलचा एक फटका ताशी १११ मैल, म्हणजे जवळपास १७९ किलोमीटर मोजला गेला होता. एकेकाळी तो विक्रम होता. क्रिकेटमध्ये शोएब अख्तरचा सर्वात वेगवान चेंडू १६१ किलोमीटरचा होता, यावरून अंदाज यावा.

मैदानावर पहिला, पगारात शेवटचा

रेबिलचा जन्म १९८५ चा, मेरीलँड राज्यातला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडून खेळताना त्याने २००५ आणि २००७ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. २००८ मध्ये मेजर लीग लॅक्रॉस या व्यावसायिक लीगच्या निवडीत बोस्टन संघाने सगळ्यात आधी त्यालाच घेतलं.

पण पहिल्या हंगामाचा पगार किती, तर सहा हजार डॉलर. त्या वेळच्या दराने वर्षाला जेमतेम अडीच-पावणेतीन लाख रुपये. अमेरिकेत एवढ्यात घरभाडंही निघत नाही. सामने शनिवार-रविवारी आणि बाकीचे दिवस नोकरी, असंच बहुतेक खेळाडूंचं चालायचं. रेबिलनेही सुरुवातीला मालमत्ता खरेदी-विक्रीच्या कंपनीत नोकरी धरली.

खेळ मात्र थांबला नाही. २००९ आणि २०११ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०११ मध्ये बोस्टनला आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्कला विजेतेपद मिळालं, तेव्हा तो त्या संघांत होता. अमेरिकेकडून २०१० आणि २०१८ मध्ये जागतिक सुवर्ण, तर २०१४ मध्ये रौप्यपदक मिळालं. दरम्यान यूट्यूब आणि सोशल मीडियावर सरावाचे व्हिडिओ टाकून त्याने स्वतःचा चाहतावर्ग तयार केला. त्यातून जाहिराती मिळाल्या. पण हे जमलं एकट्याला. बाकीचे खेळाडू होते तिथेच होते.

भावाला सोबत घेऊन नवी लीग

रेबिल आणि त्याचा भाऊ माइक यांनी आधी जुनी लीगच विकत घ्यायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. मग २०१८ मध्ये त्यांनी प्रीमियर लॅक्रॉस लीगची घोषणा केली आणि २०१९ मध्ये सहा संघांसह पहिला हंगाम झाला. खेळाडूंना पूर्वीपेक्षा जास्त पगार, आरोग्य विमा आणि लीगच्या मालकीत वाटा, अशी मांडणी होती. सामने टीव्हीवर दाखवण्यासाठी एनबीसी वाहिनी पुढे आली. प्रत्येक संघाला वेगळं मैदान पोसण्याऐवजी दर आठवड्याला सगळे संघ एकाच शहरात जाऊन खेळायचे. त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला.

हे नुसत्या जिद्दीवर झालं नाही, हेही खरं. मोठे गुंतवणूकदार मागे होते. अलीबाबा कंपनीचे सहसंस्थापक जो त्साई हे त्यांपैकीच एक. ते स्वतः विद्यापीठात लॅक्रॉस खेळलेले.

चांगले खेळाडू नव्या लीगकडे गेले आणि जुनीची ताकद कमी झाली. २००१ पासून चाललेली मेजर लीग लॅक्रॉस अखेर डिसेंबर २०२० मध्ये नव्या लीगमध्ये विलीन झाली.

पुढे काय?

पहिली तीन वर्षं रेबिल आपल्याच लीगमध्ये खेळला. सप्टेंबर २०२१ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, १४ हंगामांनंतर त्याने काठी खाली ठेवली. तेव्हा व्यावसायिक मैदानी लॅक्रॉसमध्ये सर्वाधिक गुण त्याच्याच नावावर होते. आता तो लीगचं काम पाहतो.

ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉसची पदकं याआधी फक्त १९०४ आणि १९०८ मध्ये दिली गेली. २०२८ मध्ये सहा-सहा खेळाडूंचा छोटा प्रकार असेल. रेबिल त्यात खेळणार नाही. मात्र आज लॅक्रॉस खेळणाऱ्या पोरांना नोकरी सांभाळून शनिवार-रविवारीच खेळायचं, एवढा एकच मार्ग उरलेला नाही.