विश्लेषण : क्रूझच्या केबिनमधील बाथरूम इतके अरुंद का? मोठ्या अंगाच्या प्रवाशांनी बुकिंगआधी काय विचारावे?

मुंबई-गोवा-लक्षद्वीप असो किंवा सिंगापूरहून निघणारी तीन-चार रात्रींची सफर, क्रूझचे बुकिंग करताना विचारले जाणारे प्रश्न ठरलेले असतात. केबिनला खिडकी आहे का, बाल्कनीसाठी किती जास्त मोजावे लागतील, जैन जेवण मिळेल का? बाथरूमच्या दाराची रुंदी किती, हे सहसा कुणी विचारत नाही. पण वजन सव्वाशे किलोच्या घरात असलेल्या, किंवा गुडघेदुखीमुळे वाकता-वळताना त्रास होणाऱ्या प्रवाशाची सगळी सफर या एका उत्तरावर अवलंबून असते. हॉटेलात खोली पसंत पडली नाही तर बदलून मागता येते, नाहीतर शेजारचे हॉटेल गाठता येते. भरलेले जहाज एकदा धक्का सोडून निघाले की तो पर्याय उरत नाही. म्हणूनच हे बाथरूम लहान का असते आणि त्यावर प्रवासी काय करू शकतो, हे आधीच माहीत असलेले बरे.

बाथरूम नेमके किती लहान असते?

मोठ्या जहाजांवरील साधी, म्हणजे खिडकी नसलेली केबिन साधारण १५० ते १८५ चौरस फुटांची असते. त्यातला २५ ते ३० चौरस फुटांचा तुकडा बाथरूमला मिळतो. मुंबईतल्या वन बीएचके फ्लॅटमधले चार बाय सहाचे बाथरूम डोळ्यांसमोर आणले तर अंदाज येईल. फरक इतकाच की, जहाजावर तेवढ्याच जागेत कमोड, बेसिन, आरसा, कपाट आणि दार किंवा पडदा लावलेला स्वतंत्र शॉवरही बसवलेला असतो.

मोठ्या अंगाच्या प्रवाशाला अडचण येते ती चार ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे दार. अनेक जहाजांवर साध्या केबिनच्या बाथरूमचे दार २२-२३ इंचांच्या आसपास असते आणि त्याखाली काही इंचांचा उंबरठा असतो. जहाज हेलकावले तरी बाथरूममधले पाणी केबिनच्या गालिच्यावर येऊ नये, यासाठी तो ठेवलेला असतो. दुसरे ठिकाण शॉवर. तो साधारण ३० ते ३२ इंचांचा चौकोन किंवा गोलाकार कोपरा असतो. हात उचलला की कोपर भिंतीला लागते, पाय धुवायला वाकले की पाठ काचेला टेकते. तिसरे ठिकाण कमोड. तो बऱ्याचदा भिंत आणि बेसिन यांच्यामधल्या खोबणीत असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना मांड्या अडतात. चौथी अडचण आधाराची. साध्या केबिनमध्ये पकडायला भक्कम दांडा असेलच असे नाही आणि पायाखालची जमीन तर हलती असते.

यात एक बाब सहज नजरेतून सुटते. शॉवरचे माप आणि शॉवरमध्ये शिरण्याच्या वाटेचे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोपऱ्यातून सरकणाऱ्या दोन काचेच्या दारांचा शॉवर आत ३२ इंचांचा असला, तरी दारे उघडल्यावर मिळणारी फट त्याहून बरीच कमी असते. उलट जुन्या जहाजांवरचा कापडी पडदा गरम पाण्याच्या वाफेने आत ओढला जाऊन अंगाला चिकटतो, म्हणून प्रवासी त्याला नावे ठेवतात. पण पडदा कोपराला जागा देतो, काच देत नाही. त्यामुळे ‘काचेच्या दाराचा आधुनिक शॉवर’ ही सर्वांसाठीच सोय ठरते असे नाही.

जागा वाढवणे इतके अवघड का?

क्रूझ जहाजाचे बाथरूम बहुधा जहाजावर बांधलेच जात नाही. ते कारखान्यात तयार होते. फिनलंडमधील मेयर टुर्कू या जहाजबांधणी कंपनीची पिइक्किओ वर्क्स ही उपकंपनी अशाच तयार केबिन आणि बाथरूम बनवते. पोलादी पॅनेलच्या भिंती, नळ, दिवे, आरसा, कमोड असे सगळे बसवलेले बाथरूम एखाद्या खोक्यासारखे जहाजात सरकवले जाते आणि पाणी, वीज, सांडपाण्याच्या वाहिन्यांना जोडले जाते. हजारो केबिनसाठी एकाच साच्यातले खोके वापरले की काम वेगाने होते आणि खर्च आटोक्यात राहतो.

या वाहिन्यांसाठी शेजारच्या दोन केबिनमध्ये एक उभी पोकळी ठेवलेली असते. वरच्या डेकचे बाथरूम खालच्या डेकच्या बाथरूमवर येईल, अशी ही रांग खालपासून वरपर्यंत जाते. त्यामुळे जहाज दुरुस्तीसाठी गोदीत आल्यावर टाइल्स, नळ, पडदे बदलता येतात, पण बाथरूम सहा इंचांनी रुंद करणे जवळपास अशक्य असते. एका ठिकाणी भिंत हलवायची तर अख्खी रांग हलवावी लागते. जहाज ज्या वर्षी आखले गेले, त्या वर्षीच बाथरूमचे माप कायमचे ठरून जाते.

दुसरे कारण पैशांचे. २०२४ मध्ये दाखल झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर २,८०५ केबिन आहेत. प्रत्येक बाथरूम फक्त एक चौरस मीटरने वाढवायचे ठरवले, तर सुमारे ३० हजार चौरस फूट जागा लागेल. केबिन १६० चौरस फुटांची धरली तर एवढ्या जागेत १८० हून अधिक केबिन मावतात. त्या केबिन आठवड्यामागून आठवडे, पुढची २५-३० वर्षे भाड्याने जाणार असतात. शिवाय प्रवासी केबिन निवडतो ती भाडे, बाल्कनी आणि फोटो पाहून. जे कुणी विचारत नाही, त्यासाठी जागा खर्च करण्याची घाई कंपन्यांना नसते.

कंपन्यांनी वेगळे प्रयोग केले नाहीत का?

केले, पण त्यात मोठ्या अंगाचा प्रवासी डोळ्यांसमोर होताच असे नाही. डिस्ने कंपनीने १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘डिस्ने मॅजिक’पासून बहुतेक केबिनमध्ये बाथरूमचे दोन भाग केले. एका खोलीत कमोड आणि बेसिन, दुसऱ्या खोलीत अंघोळ आणि बेसिन. मुलाबाळांसह जाणाऱ्या कुटुंबांना ही सोय आवडली, मात्र प्रत्येक भाग आणखी लहान झाला.

नॉर्वेजियन कंपनीच्या २०१० च्या ‘एपिक’ जहाजावर तर अनेक केबिनमध्ये बाथरूमची खोलीच काढून टाकण्यात आली. दारातून आत शिरताच वाटेच्या एका बाजूला शॉवर, दुसऱ्या बाजूला कमोड, मध्ये धूसर काच आणि बेसिन थेट केबिनमध्ये. खासगीपणा उरला नाही म्हणून या रचनेवर मोठी टीका झाली आणि कंपनीने ती पुढच्या जहाजांवर आणली नाही.

नियमांत प्रवाशाच्या अंगमापाचा विचार आहे का?

आहे, पण तो बुडण्याच्या धोक्यापुरता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात दर आठ जणांमागे एक जण लठ्ठ होता. भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. सुरक्षेच्या नियमांनी हा बदल काही प्रमाणात टिपला आहे.

समुद्रातील सुरक्षेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार, जहाजावरील प्रौढांची लाइफ जॅकेट १४० किलो वजनाच्या आणि १,७५० मिलीमीटर छातीच्या माणसापर्यंत बसणारी नसतील, तर ती अशा प्रवाशाला बांधता येतील एवढे जोडसाहित्य जहाजावर ठेवावे लागते. २००५ मध्ये अमेरिकेतील लेक जॉर्ज तलावात ‘इथन अ‍ॅलन’ ही पर्यटकांची बोट उलटून २० जणांचा मृत्यू झाला. प्रवाशांचे सरासरी वजन कागदोपत्री फार कमी धरले जात असल्याचे त्यातून पुढे आले. त्यानंतर अमेरिकी तटरक्षक दलाने डिसेंबर २०११ पासून प्रवासी बोटींसाठी हे गृहीत वजन १८५ पौंड, म्हणजे सुमारे ८४ किलो केले.

सगळेच आकडे बदललेले नाहीत. प्रवासी जहाजाच्या लाइफबोटीत माणूस सरासरी ७५ किलोचा आणि त्याची बैठक ४३० मिलीमीटरची, म्हणजे जेमतेम १७ इंचांची धरली जाते. मालवाहू जहाजांसाठी हेच गृहीत वजन ८२.५ किलो आहे. साध्या केबिनच्या बाथरूमचे काय? तिथे मोठ्या अंगाच्या प्रवाशासाठी किमान माप सांगणारी अशी तरतूद नाही. जहाज सोडताना अंगाला बसेल असे जॅकेट मिळण्याची हमी आहे, रोजच्या अंघोळीची नाही.

मग दिव्यांगांसाठी राखीव केबिन घेता येते का?

क्रूझ जहाजांवर व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी काही केबिन असतात. त्यांचे दार साधारण ३२ इंचांचे, बाथरूममध्ये व्हीलचेअर वळेल एवढी जागा, उंबरठ्याशिवाय थेट आत जाता येईल असा शॉवर, घडीची बैठक आणि भिंतीला भक्कम दांडे असतात. मोठ्या अंगाच्या प्रवाशाला नेमके हेच हवे असते.

अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ‘स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ खटल्यात, तिथल्या बंदरांत येणाऱ्या परदेशी ध्वजाच्या जहाजांनाही अमेरिकेचा दिव्यांग हक्क कायदा लागू होऊ शकतो, असा निकाल दिला. २०१० मध्ये तिथल्या वाहतूक विभागाने प्रवासी जहाजांसाठी नियम केले. त्यानुसार त्या वर्गातील बाकी केबिन भरेपर्यंत या केबिन गरजूंसाठी राखून ठेवायच्या असतात आणि प्रवाशाकडून गरजेबाबत लेखी निवेदन घेता येते.

म्हणजे निव्वळ ऐसपैस जागा हवी म्हणून ही केबिन मागणे योग्य नाही. तसे केल्यास व्हीलचेअरवरील एखाद्याची सफर हुकू शकते. मात्र वजनासोबत चालण्यावर, वाकण्यावर किंवा तोल सांभाळण्यावर मर्यादा आली असेल, तर ती गरज खरी आहे. संकोच न करता ती बुकिंगच्या वेळीच सांगावी. या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात.

मुंबईहून निघणाऱ्यांनी काय लक्षात घ्यावे?

केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. पाच वर्षांत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. पहिल्यांदाच जहाजात पाऊल ठेवणारे प्रवासी वाढतील, त्यात आई-वडिलांना घेऊन जाणारी कुटुंबेही बरीच असतील. अशा वेळी जहाजाचे नाव वाचण्याआधी त्याचे बांधणीचे वर्ष वाचावे. मुंबईहून २०२१ पासून फिरणारे कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने फ्रान्समध्ये बांधले गेले होते. अंतर्गत सजावट कितीही नवी असली, तरी त्या काळच्या जहाजांच्या केबिन आजच्यापेक्षा लहान आखल्या जात.

परदेशी जहाज असेल तर आणखी एक तयारी हवी. पाश्चात्त्य जहाजांवर कमोडजवळ जेट स्प्रे सहसा नसतो. अरुंद जागेत अंग वळवणे कठीण असलेल्यांनी लहान मग किंवा प्रवासी स्प्रे-बाटली सोबत घ्यावी. जहाजावरील कमोड व्हॅक्यूमवर चालतात, त्यामुळे उठून, झाकण लावूनच फ्लश करावे.

बुकिंगआधी काय विचारावे?

- दाराची रुंदी : बाथरूमचे दार पूर्ण उघडल्यावर मोकळी वाट किती इंच मिळते आणि उंबरठा किती उंच आहे, हे विचारावे.
- शॉवर : आतले माप आणि शिरण्याच्या वाटेचे माप वेगवेगळे विचारावे. पडदा आहे की काच, हातात धरता येणारा शॉवर आहे का, हेही पाहावे.
- कमोड : त्याच्या दोन्ही बाजूंना किती जागा आहे आणि तो भिंतीवर टांगलेला असल्यास वजनमर्यादा किती, हे विचारावे.
- केबिन क्रमांक : एकाच वर्गातील सगळ्या केबिन सारख्या नसतात. उत्तर केबिन क्रमांकासह आणि ई-मेलवर मागावे. ‘बाथरूम प्रशस्त आहे’ हे उत्तर नव्हे.
- घरी चाचणी : मिळालेली मापे घरात जमिनीवर चिकटपट्टीने आखावीत. भिंतीच्या कोपऱ्यात ३० बाय ३० इंचांच्या चौकोनात उभे राहून वाकून पाहिले की दोन मिनिटांत उत्तर मिळते.
- पर्याय : बाल्कनीची केबिन घेतली म्हणून बाथरूम मोठे मिळत नाही. अनेक जहाजांवर तेच खोके दोन्हीकडे वापरलेले असते. मोठे बाथरूम बहुधा स्वीटपासून सुरू होते. ते खर्चात बसत नसेल तर जिम किंवा स्पाजवळच्या चेंजिंग रूममधले शॉवर पाहावेत. अनेक जहाजांवर ते केबिनमधल्यापेक्षा मोठे असतात, मात्र त्यासाठी वेगळे पैसे लागतात का, हे आधी विचारावे.

ही मापे कंपन्यांकडे असतात, कारण बाथरूम कारखान्यात आराखड्यानुसारच तयार होते. पण ती माहितीपत्रकात क्वचितच छापली जातात. केबिनचे चौरस फूट आणि बाल्कनीचा फोटो मात्र हमखास असतो. एजंटकडून उत्तर मिळाले नाही, तर कंपनीच्या दिव्यांग प्रवासी साहाय्य विभागाला थेट ई-मेल करावा. लेखी उत्तर येईपर्यंत, ज्यावर रद्द करण्याचा दंड लागतो असे पैसे भरू नयेत.