‘मन लागत नाही’ म्हणणारीजवळ कोणी बसायचं?



आपल्याकडे बाईला मनाचं दुखणं होतं तेव्हा ती मनाचं नाव घेत नाही. ती म्हणते, डोकं धरलंय. अंगात त्राण नाही. छातीत धडधडतंय, घास उतरत नाही, कशात मन लागत नाही. आणि फारच झालं तर म्हणते, ‘टेन्शन आहे गं.’ कर्जतच्या बाजारात, खोपोलीच्या लोकलमध्ये, कशेळ्याच्या वाड्यांत हाच एक शब्द चालतो. आज ज्या अभ्यासाबद्दल आम्ही सांगणार आहोत, तो करणाऱ्या डॉक्टरांनीही शेवटी हाच शब्द धरला. ‘डिप्रेशन’ म्हटलं की माणसं बिचकतात, आपल्याला वेडं ठरवतायत असं त्यांना वाटतं. ‘टेन्शन’ म्हटलं की बसून बोलतात.

हा अभ्यास झाला गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे ‘संगथ’ नावाची संस्था सुरू केली. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्याच ओळखीचा होता. टेन्शनने खचलेली माणसं पुष्कळ, आणि मनाचे डॉक्टर मोजके, तेही शहरात. मग डॉक्टरची वाट बघत बसायचं की गावातल्याच माणसांना शिकवायचं? त्यांनी ठरवलं, शिकवून बघू, आणि त्याने खरंच फरक पडतो का हे मोजूनही बघू.

शिकवायला निवडली ती साधी माणसं. मानसशास्त्राची पदवी नाही, डॉक्टरकी नाही. त्यांना आधी वर्गात शिकवलं, मग काही महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करायला लावलं. आणि गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, टेन्शनने बऱ्यापैकी आजारी असलेल्या ४९५ जणांचे दोन भाग केले.

हे भाग कसे केले ते सांगायला हवं, कारण अभ्यासाचा सगळा भरवसा त्यावर असतो. आपण भिशीत चिठ्ठी टाकतो ना, तसंच. कोण कुठल्या भागात जाणार हे डॉक्टरने ठरवलं नाही, रुग्णाने ठरवलं नाही, नशिबावर सोडलं. तसं केलं नसतं तर कोणीही म्हटलं असतं की तुम्ही कमी आजारी माणसं मुद्दाम आपल्या बाजूला घेतलीत. एका भागाला नेहमीचे उपचार मिळाले, दुसऱ्या भागाला नेहमीचे उपचार आणि शिवाय या शिकवलेल्या माणसाबरोबर आठवड्यातून एकदा बसणं, साधारण सहा ते आठ वेळा. एका वेळी अर्धा-पाऊण तास.

तीन महिन्यांनी पाहिलं. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी दर १०० जणांतले ३९ बरे वाटण्याच्या पातळीला आले होते. ज्यांच्याजवळ कोणीतरी बसलं होतं, त्यांच्यातले ६४. जीव द्यायचे विचारही या दुसऱ्या भागात कमी झाले, कामाचे बुडालेले दिवस कमी झाले, आणि बायांच्या बाबतीत नवऱ्याकडून होणारी मारहाणसुद्धा कमी दिसली. ‘लॅन्सेट’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं. वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हाही फायदा टिकून होता.

आता ६४ म्हणजे १०० नव्हे. ३६ जण राहिलेच. म्हणून हा रामबाण आहे असं आम्ही म्हणणार नाही, कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. पण दहावी-बारावी शिकलेली गावातली व्यक्ती, औषधाची गोळी हातात नसताना, एवढा फरक करू शकते, ही गोष्ट आपल्या गटांसाठी लहान नाही.

ती व्यक्ती करत काय होती? उपदेश नक्की करत नव्हती. आपल्याकडे खचलेल्या बाईला काय ऐकवतात ते आठवा: ‘मुलांकडे बघ’, ‘देवाचं नाव घे’, ‘लोकांना याहून वाईट दिवस आलेत’. यातलं काहीही तिथे नव्हतं. त्यामागचा विचार साधा आहे. मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी भजनाला जाणं सुटतं, मग शेजारी बसणं सुटतं, मग वेणी घालणंही सुटतं. जे सुटलं त्यातूनच तर थोडा आनंद मिळत होता, चार शब्द कानावर पडत होते. तेही बंद झाल्यावर मन आणखी खचतं, मग आणखी सुटतं. रहाटासारखं फिरत राहतं.

आपण समजतो, आधी मन बरं होऊ दे, मग ती उठेल, कामाला लागेल. या उपचारात उलटं करतात. मन तसंच असू दे, पण एक लहानशी गोष्ट पुन्हा सुरू करायची. समजा एक वहिनी आहे, आवणीच्या दिवसांतही घराबाहेर पडत नाही. तिला ‘शेतावर चल’ म्हणायचं नाही, ते डोंगराएवढं वाटतं. तिला विचारायचं, ‘आधी तुला काय आवडायचं?’ ती म्हणेल, रानात भाजी काढायला जायला. मग ठरवायचं, मंगळवारी सकाळी जावेबरोबर बांधापर्यंत जायचं, टाकळ्याची भाजी दिसली तर घ्यायची, नाही दिसली तर परत यायचं. कुठला दिवस, कोणाबरोबर, कुठपर्यंत, हे पक्कं. पुढच्या आठवड्यात विचारायचं, गेलीस का? गेल्यावर मनाला कसं वाटलं? नाही गेली तर रागवायचं नाही, काय आडवं आलं ते बघायचं. सासूबाई बोलल्या का, मूल आजारी होतं का, की दारातून पायच निघेना? त्या अडचणीवर दोघींनी मिळून वाट काढायची. पुष्कळदा अडचण खरीच असते. कर्जाचा हप्ता, दारू, रेशनकार्ड. तेव्हा नुसतं बोलून भागत नाही, कागद घेऊन कचेरीत जावं लागतं. तेही या कामातच येतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. हे शिकवलेले लोक आठवड्यातून एकदा एकत्र बसायचे, रुग्णाच्या परवानगीने केलेलं बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकायचे आणि एकमेकांचं काम तपासायचे. इथे घाई केलीस, इथे तिला बोलू द्यायला हवं होतंस. ऐकणं ही अंगभूत माया नाही, शिकून, तपासून सुधारायची गोष्ट आहे. आठवड्याला बसून एकमेकींच्या वह्या तपासायची सवय गटांना आहेच, तिचंच हे भावंडं म्हणा.

गोवा आपल्याहून वेगळा, असं कोणी म्हणेल. मग अमरावती जिल्ह्याकडे बघा. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेल्या तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचं काम झालं. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन टेन्शन कशाला म्हणतात ते सांगितलं, पहिला आधार दिला, ज्यांना गरज होती त्यांना पुढे डॉक्टरांकडे नेलं. काम सुरू होण्याआधी, खचलेल्या दर १०० माणसांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षाने २७. जीव द्यायचे विचार येतात असं सांगणारेही १०० मागे ५ वरून अडीचवर आले. आपल्यासारख्याच डोंगराळ, आदिवासी पेठ तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात, ‘आत्मीयता’ नावाने असंच काम गावातल्या माणसांनी केलं आहे.

आपल्या तालुक्यांना याची गरज का, हे खालापुरात सांगावं लागत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्यानंतर डोंगराखालच्या कितीतरी वाड्यांत जुलैत रात्री पावसाने जोर धरला की बाया उठून बसतात. घरातली माणसं म्हणतात, ‘आता किती दिवस घाबरणार?’

याचं उत्तर मेंदूच्या अभ्यासात थोडं सापडतं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. उंदरांना रोज दोन तास असं दहा दिवस जखडून ठेवलं. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, तो धोका ओळखतो, भीती जागी करतो. त्या भागातल्या पेशींच्या फांद्या ताणाने वाढल्या. आठवणी नीट लावून ठेवणारा दुसरा एक भाग आहे, तिथल्या फांद्या आखडल्या. मग ताण बंद केला, २१ दिवस उंदरांना शांत राहू दिलं. आखडलेल्या फांद्या पुन्हा पसरल्या. भीतीच्या भागातल्या वाढलेल्या मात्र तशाच राहिल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण संकट टळल्यावर भीती आपोआप टळत नाही आणि तिचं घर शरीरात असतं, एवढं यातून कळतं. पावसाच्या आवाजाने दचकणारी बाई नाटक करत नाही.

अशा बाईजवळ बसताना एक जपायचं. ‘त्या रात्री काय झालं ते सगळं सांग, मन मोकळं होईल’ असं म्हणू नका. आपत्तीनंतर लगेच माणसाला सगळं सांगायला लावल्याने फायदा होत नाही, काहींना उलट त्रास होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तसं करू नका म्हणते. ती आपणहून बोलली तर ऐकायचं. नाही बोलली तर तिच्या चुलीला लाकडं आहेत का, मुलं शाळेत गेली का, हे बघायचं. तोही आधारच.

आता आपल्या गटांकडे वळू. उमेदच्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. त्यात आपण रक्त कमी, वजन, शौचालय एवढं बोलतो आणि मनाशी येऊन थांबतो. खरं तर खचलेली बाई सगळ्यात आधी कुठे दिसते? हजेरीपटावर. नियमित येणारी बाई एक बैठक चुकवते, दुसरी चुकवते, बचतीचे पैसे मुलीच्या हाती पाठवते. नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड लागतो, तो लागू दे. पण सलग दोन बैठका चुकल्या की दोघींनी तिच्या घरी जायचं, आणि हप्त्याचा विषय त्या दिवशी काढायचा नाही. हा ठराव कुठलाही गट घेऊ शकतो, त्याला निधी लागत नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बहिणींचं मात्र अवघड आहे. दिवाळीनंतर त्या निघून जातात, हजेरीपटही कोरा राहतो. त्यांच्यासाठी जाण्याआधीची आणि आल्यावरची भेट ठरवून घ्यावी लागेल.

घरी गेल्यावर काय बघायचं? गेल्या दोन आठवड्यांतलं विचारा. झोप लागते का, की पहाटे तीनला जाग येऊन पुढे नुसती तळमळ? जेवण जातं का? एरवी आवडणाऱ्या कामात गोडी वाटते का? मी कशाच्याच उपयोगाची नाही, असं वाटतं का? हे बहुतेक दिवस चाललं असेल तर तो आळस नाही. मात्र आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडला तरी अंगातलं बळ असंच जातं.

आणि ऐकलेलं गटात बोलायचं नाही. एकदा पाण्यावर त्याची चर्चा झाली की वाडीतली दुसरी बाई कधीच तोंड उघडणार नाही. आम्हाला विचाराल तर हिशेबाच्या वहीपेक्षा हा नियम कडक पाळायला हवा.

काही दुखणी गटाच्या हातातली नसतात. कानात आवाज येतात, कोणी मारायला टपलंय असं वाटतं, बाई दिवसचे दिवस झोपत नाही, घर सोडून निघून जाते. तिथे बोलणं पुरत नाही, डॉक्टर आणि औषध लागतंच. भगताकडे जायची कोणाची श्रद्धा असेल तर आम्ही भांडणार नाही, पण त्यात महिने घालवू नका. अशी माणसं बरी होतात याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणून, उपचार करून, देशभरातल्या त्यांच्या घरी पोचवणारं श्रद्धा पुनर्वसन केंद्र आपल्या कर्जत तालुक्यातच आहे. ते काम उभं करणाऱ्या डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना स्वतःचं गाव आठवत नव्हतं अशी माणसं औषधाने सावरून गावाचं नाव सांगू लागतात.

शेवटचं, आणि हे घाबरून टाळायचं नाही. एखादी म्हणाली, ‘आता जगण्यात काही राहिलं नाही,’ तर स्पष्ट विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात शिरत नाही, असंच अभ्यास सांगतात. उलट बाईला सुटल्यासारखं वाटतं. ती हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. भातावर मारायचं औषध, उंदराचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, कारण तो क्षण पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि बाटली हाताशी नसली तर टळतो. पोलिसांची केस होईल म्हणून लपवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती मोठ्या ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिची काळजी घेणं सरकारचं काम आहे. आशाताईंना सांगा, कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. रात्र असेल, गाडी नसेल, तर आधी टेलिमानसला फोन लावा, १४४१६. एक चार चार एक सहा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, आणि रात्री दोन वाजताही लावता येतो.