मागच्याला दिसणारा दिवा
(बी. ए. भाग २)

मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. आमच्या सोलापुरात तर ती जेवणाच्या डब्याइतकीच रोजच्या गरजेची झाली आहे. यंत्रमागावर पाळी करणारा, पहाटे मंडई गाठणारा, पोराला शाळेत सोडणारा, सगळे दोन चाकांवर. परंतु गाडीच्या ॲव्हरेजविषयी तासन् तास बोलणारी माणसे इंडिकेटरविषयी मात्र चकार शब्द काढीत नाहीत. हॉर्न बिघडला की त्याच दिवशी गॅरेज गाठतात, कारण हॉर्न स्वतःला ऐकू येतो. इंडिकेटर बोलूनचालून दुसऱ्यासाठी! तो महिनोन् महिने चिकटपट्टीने बांधलेला लोंबत राहतो.

हे इंडिकेटर घरच्या घरी कसे बदलावेत आणि त्यांच्या वायरी नव्याने कशा जोडाव्यात, हे येथे सांगावयाचे आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी, विषय इतिहास. तेव्हा हा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात जे जे वाचून करावयाचे असते ते आपोआप माझ्याकडे येते. रेशनकार्डाचा अर्ज, लाइटबिलावरचा बारीक मजकूर, औषधाच्या बाटलीवरची सूचना, आणि गेल्या वर्षापासून अण्णांच्या स्प्लेंडरच्या वायरिंगची आकृती.

अण्णा म्हणजे माझे वडील. अक्कलकोट रोडच्या एम.आय.डी.सी.त एका टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. रात्रपाळीला निघाले की कारखान्याच्या गल्लीत शिरताना त्यांना मोठ्या रस्त्यावरून उजवीकडे वळावे लागते. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते. म्हणून डावे वळण म्हणजे नुसते कडेने निसटणे. उजवे वळण म्हणजे मागून येणारा आणि समोरून येणारा अशा दोघांच्या वाटेत आडवे जाणे. रात्री ट्रकच्या ड्रायव्हरला उंचावरून खाली एक लाल ठिपका तेवढा दिसतो. तो सरळ जाणार की वळणार हे त्याला कळावे कसे? हात दाखवून वळण्याची जुनी पद्धत होतीच. पूर्वीच्या कित्येक मोटारसायकलींना इंडिकेटरच नसत, आणि १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतही हाताच्या इशाऱ्यांचे वर्णन होते. पण अंधारात हात दिसत नाही.

एके दिवशी शेजारच्या काकांनी सांगितले, "तुमच्या गाडीचा मागचा उजवा दिवा लागत नाही बघा." अण्णांचा विश्वास बसेना. मीटरवरचा बाण तर लुकलुकत होता, उलट नेहमीपेक्षा भराभर. सारी गोम येथेच आहे. गाडी चालविणाऱ्याला स्वतःचा मागचा दिवा कधीच दिसत नाही. त्याला दिसतो तो मीटरवरचा. आणि भराभर लुकलुकणे ही गाडी जोमात असल्याची खूण नसून एक दिवा गेल्याची तक्रार असते.

असे का होते हे समजण्यासाठी विजेची वाट पाहू. बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यातून निघालेली वीज फ्यूजमधून व चावीतून फ्लॅशर नावाच्या लहानशा डबीत येते. फ्लॅशर ती थांबवतो, सोडतो, पुन्हा थांबवतो. तेथून ती हँडलवरच्या बटणात जाते. बटण डावीकडे सारले की डाव्या बाजूच्या पुढच्या-मागच्या दोन दिव्यांना, उजवीकडे सारले की उजव्या दोघांना. दिव्यातून ती गाडीच्या सांगाड्यात उतरते आणि सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाला परत. सांगाडा हीच परतीची वायर. मेकॅनिक तिला अर्थिंग म्हणतात. होंडाच्या पद्धतीच्या गाड्यांत रंग ठरलेले असतात: फ्लॅशरपासून बटणापर्यंत करडी, डाव्या बाजूस नारिंगी, उजव्या बाजूस आकाशी आणि अर्थिंगची हिरवी. एवढे चार रंग पाठ असले की अर्धे काम झाले.

स्प्लेंडरचा प्रत्येक इंडिकेटर बल्ब १० वॅटचा. एका बाजूला दोन, म्हणजे २० वॅट. १२ ने भागले की सुमारे १.७ अँपिअर. जुन्या फ्लॅशरमध्ये वीज जाताना तापून वाकणारी धातूची पट्टी असते. ती वाकली की जोड सुटतो, दिवा विझतो. निवली की जोड पुन्हा लागतो. दोनांपैकी एक बल्ब गेला की वीज निम्मी, म्हणून ताप कमी. दिवा रेंगाळत लुकलुकतो किंवा नुसताच पेटून राहतो. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये पट्टी नसते, पण वीज कमी झालेली त्याला कळते आणि तो मुद्दाम वेग वाढवितो. अण्णांच्या गाडीत हा दुसरा प्रकार होता. वेगाचा कायदाही आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० पेक्षा कमी व १२० पेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये, आणि रंग पिवळसर नारिंगीच असावा. आमच्या कॉलेजच्या पार्किंगमधले निळे-जांभळे दिवे कोणत्या नियमात बसतात ते त्यांच्या मालकांनाच विचारावे.

आता प्रत्यक्ष काम. गॅरेजात गाडी एक दिवस राहिली की अण्णांची एक पाळी बुडते, म्हणून रविवार धरला. साहित्य फार लागत नाही: पाने, डिसमिस, पक्कड, थोडी वायर, पिना, आणि तपासणीसाठी एक दिवा. घरातला टेस्टर येथे उपयोगाचा नाही. त्यातल्या निऑनला पेटण्यासाठी साठ-सत्तर व्होल्टच्या वर दाब लागतो. १२ व्होल्टवर तो लागणारच नाही, आणि आपण मात्र वायर मेली असे समजून बसू. त्याऐवजी इंडिकेटरचाच एक जुना बल्ब होल्डरसह घ्यावा, त्याला हात-हातभर दोन वायरी जोडाव्यात. एक टोक सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला, दुसरे तपासायच्या वायरीला. पेटला तर वीज येथवर आली आहे.

सुरुवात बॅटरीची ऋण वायर काढून करावी, धन नव्हे. सांगाडा ऋणाशी जोडलेला असतो. धन बाजूचा नट सोडताना पाना सांगाड्याला टेकला तर सरळ शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. ऋण आधी सोडले की मग पाना कोठेही टेको, वाट तुटलेली असते. जोडताना याच्या उलट, धन आधी.

सीट काढून आत पाहिले तेव्हा आधी कोणीतरी केलेली दुरुस्ती समोर आली. आकाशी वायर मध्येच संपलेली आणि पुढे लाल. नारिंगीलाही पुढे लालच. जोड म्हणजे दोन तारा बोटांनी पिळून वर काळी टेप. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो. त्या उन्हात टेपचा डिंक पातळ होऊन टेप सरकते, मग पावसाळ्यात पाणी शिरते. तांबे हिरवे पडले होते. हात लावताच तार तुटून आली. म्हणजे बल्ब चांगला, फ्लॅशर चांगला, मेला होता तो पिळलेला जोड. दोन्ही लाल वायरींतली कोणती कोणाची हे डोळ्यांनी कळणे शक्य नव्हते. बॅटरी तात्पुरती जोडून, बटण उजवीकडे सारून तपासणीचा दिवा मूळ वायरींच्या टोकांना एकेक लावला. ज्या टोकावर तो लुकलुकला ते उजव्याचे. त्याला लगेच कागदाची चिठ्ठी बांधली. अभ्यासाच्या वहीचे शेवटचे पान या आकृतीत खर्ची पडले.

दोन्ही लाल तुकडे काढून टाकले आणि मूळ रंगाच्या वायरी घातल्या. रंगाचा हा आग्रह मला महत्त्वाचा वाटतो. पुढे कधी ही गाडी दुसऱ्या कोणी उघडली तर त्याला वाचता आली पाहिजे. जोड पिळण्याऐवजी पिना दाबून बसविल्या आणि त्यावर गरम केल्यावर आक्रसणारी नळी चढविली. ती उन्हात सरकत नाही. पुढच्या बाजूला हँडलपाशी वायरीला थोडा ढील ठेवावा लागतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. ताण आला तर आतली तार काही महिन्यांत तुटते आणि वरचे प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसते. मागे मडगार्डखाली वायर टायरला घासणार नाही अशी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधली. नव्या इंडिकेटरची दांडी रबराची असेल तर सांगाड्यातून अर्थिंग मिळत नाही. त्याची वेगळी वायर हिरवीलाच जोडावी. हिरवी जेथे सांगाड्याला कसलेली असते तेथला गंज कागदाने घासून काढावा. दिवा मंद लागण्याचे कारण पुष्कळदा तेवढेच असते. चारही इंडिकेटर मंद आणि हॉर्नही घोगरा असेल तर मात्र दोष बॅटरीचा. जुन्या गाड्यांत हेडलाइट इंजिनच्या मॅग्नेटोवर चालत असल्याने तो झगझगीत लागतो आणि बॅटरी ठीक असल्याचा भास होतो.

दुकानदाराने एल.ई.डी.चे इंडिकेटर पुढे केले होते. ते वीज कमी खातात, टिकतातही. पण आपण वर पाहिलेच की फ्लॅशर विजेवरून दिवे ओळखतो. एक-दोन वॅटचे एल.ई.डी. लावले की त्याला सगळे बल्ब गेले असे वाटते आणि तो भराभर लुकलुकू लागतो. काही जण सोबत रेझिस्टर लावतात. म्हणजे वाचविलेली वीज पुन्हा उष्णतेत घालवायची. शिवाय तो इतका तापतो की प्लॅस्टिकजवळ ठेवता येत नाही. त्यापेक्षा एल.ई.डी.साठीचा फ्लॅशर घ्यावा.

आणखी एक गंमत आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या गाडीत पाहिली. एल.ई.डी. लावल्यापासून कोणतेही बटण दाबा, चारही दिवे लुकलुकायचे. त्याच्या मीटरवर दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच दिवा होता. अशा गाडीत त्या दिव्याचे एक टोक डाव्या वायरीला आणि दुसरे उजव्या वायरीला असते. डावे बटण दाबले की वीज डावीकडून मीटरच्या दिव्यातून उजव्या वायरीत जाते आणि उजव्या बल्बमधून अर्थिंगला उतरते. ती इतकी थोडी असते की उजवे १० वॅटचे बल्ब तिने पेटत नाहीत. मीटरचा चिमुकला दिवा तेवढा पेटतो. एल.ई.डी.ला मात्र तेवढी वीज पुरते, म्हणून उजवेही लागतात. उपाय सोपा: मीटरच्या दिव्याचे एक टोक अर्थिंगला द्यावे आणि दुसऱ्या टोकाला दोन्ही वायरी एकेका डायोडमधून आणाव्यात. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे ती पलीकडे शिरत नाही. अण्णांच्या गाडीला मी साधे बल्बच ठेवले. रात्री दोन वाजता कारखान्याबाहेर बल्ब गेला तरी तो कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळू शकतो.

फ्यूजविषयी एकच सांगते. तो उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी गुंडाळण्याची रीत आहे, ती करू नये. शॉर्ट झाल्यावर चंदेरी टिकते आणि सीटखालची वायर जळते.

शेवटची तपासणी बसल्या जागी होत नाही. भर दुपारी अण्णांना गाडीवर बसविले आणि मी पन्नास पावले मागे जाऊन उभी राहिले. उन्हात दिसला तर रात्री दिसणारच. घड्याळ लावून मोजले; मिनिटाला ८४ भरले. मग पुढे जाऊन पुन्हा मोजले, ब्रेक दाबायला लावून पुन्हा एकदा. अण्णा कंटाळून म्हणाले, "झालं का गं? पाळीची वेळ झाली." त्या रात्रीपासून ते वळणाच्या बरेच आधी बटण सारतात आणि मगच वेग कमी करतात. ब्रेकचा लाल दिवा आधी लागला तर मागचा माणूस बाजूने पुढे काढू पाहतो, आणि नेमका उजवीकडूनच.

खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सीट उचलून जोड पाहावेत आणि कोणाला तरी मागे उभे करून चारही दिवे लावून घ्यावेत. पावसापेक्षा नळीचे पाणी आत जास्त शिरते.