गिअर जड का होतो?

सकाळची वेळ असते. वाशी रेल्वे स्थानकाबाहेर रिक्षांची रांग लागलेली असते. कुणाला कामावर जायचे असते, कुणाला बाजारात, तर कुणाला दवाखान्यात. एक रिक्षाचालक प्रवासी घेऊन निघतो. चौकात तो गिअर बदलू लागतो, पण हँडलची मूठ फिरतच नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. तो घाईघाईने जोर लावतो. 'कट्' असा आवाज होतो आणि गिअरची तार तुटते! आता रिक्षा ढकलत गॅरेजपर्यंत न्यायची. अर्ध्या दिवसाची कमाई बुडते, ती वेगळीच.

गिअर असा अचानक बिघडतो का? नाही. तो आधी जड होतो. आपण तिकडे लक्ष देत नाही.

प्रथम गिअरचे काम समजून घेऊ. गिअरपेटीत लहानमोठी दातेरी चक्रे असतात. चढावर जास्त ताकद लागते, तेव्हा खालचा गिअर वापरतात. सपाट रस्त्यावर वेग हवा असतो, तेव्हा वरचा गिअर वापरतात. रिक्षाचा गिअर डाव्या मुठीने बदलतात. मूठ आणि गिअरपेटी यांना दोन तारा जोडतात. मूठ फिरवली की एक तार ओढली जाते आणि दुसरी सैल होते. त्याआधी क्लच दाबावा लागतो. क्लच दाबला की इंजिनाचा जोर गिअरपेटीपर्यंत पोहोचत नाही. मग गिअर सहज बदलतो.

गिअर जड होण्याची मुख्य कारणे तीन आहेत.

पहिले कारण तारेचे. नवी मुंबई ठाण्याच्या खाडीकाठी वसली आहे. तिथली हवा दमट व खारट असते. त्यात पावसाळ्याचे पाणी आणि चिखल तारेच्या आवरणात शिरतो. तार गंजते, तिचे बारीक धागे सुटतात आणि ती आवरणात घासू लागते.

दुसरे कारण क्लचचे. क्लचची तार फार सैल झाली, तर दांडी पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही. ती फार ताणली, तरीही चालत नाही. मग क्लच घसरतो आणि लवकर झिजतो.

तिसरे कारण तेलाचे. गिअरपेटीतील तेल कमी झाले किंवा जुने झाले, की चक्रांची झीज वाढते.

यांपैकी खरे कारण कोणते? चांगला कारागीर लगेच गिअरपेटी उघडत नाही. तो सपाट जागी इंजिन बंद करतो, क्लच दाबतो, गाडी किंचित पुढेमागे हलवतो आणि मूठ फिरवून पाहतो. इंजिन बंद असताना गिअर हलका आणि चालू असताना जड असेल, तर दोष बहुधा क्लचचा असतो. दोन्ही वेळा जड असेल, तर तो तारा गिअरपेटीपासून सोडवतो. तरीही मूठ जड फिरली, तर दोष तारेत किंवा मुठीत आहे. मूठ हलकी झाली, तर दोष पेटीत आहे, असे समजावे.

तारेत वेळेवर तेल सोडले, धागे सुटताच ती बदलली आणि पावसाळ्यापूर्वी एकदा तपासणी केली, तर थोड्या खर्चात काम भागते. आळस केला, तर मोठा खर्च येतो.

मुलांनो, सायकलचा ब्रेक असो, दाराची कडी असो की रिक्षाचा गिअर असो, वस्तू अडली की आपला हात आधी जोर लावतो. त्याऐवजी क्षणभर थांबा. आधी कारण शोधा.

शब्दार्थ
दातेरी – दाते असलेले
दमट – ओलसर
झीज – घासून कमी होणे
कारागीर – हाताने कुशल काम करणारा

स्वाध्याय
1. रिक्षाचालकाची कमाई का बुडाली?
2. गिअर जड होण्याची तीन कारणे लिहा.
3. दोष क्लचचा आहे, हे कारागीर कसे ओळखतो?
4. तुमच्या घरातील एखादी वस्तू कशी दुरुस्त केली, ते पाच वाक्यांत सांगा.